घरचे देव विमानातून नेताना

तासगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सासूबाई (घरच्या रिवाजाप्रमाणे ताई त्यांना आत्या म्हणतात) 74 वर्षांच्या आहेत आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार आहेत. कोल्हापूरहून मुंबई आणि तिथून न्यू जर्सीला धाकट्या मुलाकडे, सहा महिन्यांसाठी. आत्यांना देव सोबत न्यायचे आहेत. पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, चांदीचे टाक, शाळिग्राम, शंख, घंटा, समई, काशीहून आणलेला गंगेचा गडू, पालीच्या खंडोबाचा भंडारा आणि खोबरं, कापूर, अक्षता, बाळकृष्णाचं मोरपीस, आणि सुपारीसाठी अडकित्ता. ताई लिहितात, "कुणीतरी देवाला हात लावेल, बुटांच्या शेजारी ठेवेल, नाहीतर काढूनच घेतील, या भीतीनं आत्या जायलाच नको म्हणतात." शेवटी त्यांच्या दिरांची एक ओळ आहे: शिखांना कृपाण चालतं, मग आमच्या खंडोबाची वीतभर तलवार का चालत नाही?

ताई, मी मूळची कोरेगाव तालुक्यातली, आता साताऱ्यात असते. 19 वर्षं विमानतळावर सामान तपासायचं काम केलं. त्यातली बरीच वर्षं एक्स-रेच्या पडद्यासमोर गेली आणि नंतर नव्या मुलामुलींना शिकवण्यात. म्हणून आत्यांची भीती मला खोटी वाटत नाही. ती खरी आहे, आणि ती घालवता येते. त्यासाठी एक गोष्ट आधी मनात पक्की करायची: तपासणारा माणूस देव बघत नाही, तो धातू, द्रव, भुकटी, धार आणि पेट घेणारी वस्तू बघतो. आत्यांच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टींना काहीच अडचण नाही. ज्यांना आहे, त्यांना ती देवाच्या म्हणून नाही, त्या ज्या वस्तूच्या बनल्या आहेत त्यामुळे आहे. तेव्हा देवघरातली यादी देवाप्रमाणे लावू नका. कशाची बनली आहे, त्याप्रमाणे लावा.

पडद्यावर आम्हाला काय दिसतं ते सांगते, म्हणजे बॅग कशी भरायची ते आपोआप कळेल. एक्स-रेत वस्तूचं रूप दिसत नाही, घनता दिसते. कापड, अन्न, साबण, कागद, प्लास्टिक नारिंगी दिसतं. धातू निळा. मधल्या घनतेचं, म्हणजे काच, दगड, पातळ ॲल्युमिनियम, हिरवट. आणि ज्यातून किरण पारच होत नाहीत ते काळं. भरीव पितळेचा बाळकृष्ण म्हणजे पडद्यावर एक काळा गोळा. त्याच्यामागे अन्नपूर्णा, तिच्यामागे घंटा, वर चांदीचे टाक, असं सगळं एकाच डब्यात गच्च बसवलं की आम्हाला फक्त एक मोठा काळा ठोकळा दिसतो. आत काय आहे ते कळत नाही म्हटल्यावर बॅग उघडावीच लागते. प्रश्न श्रद्धेचा नसतो. न दिसणारी वस्तू पुढे सोडायची नाही, एवढंच आम्हाला शिकवलेलं असतं.

म्हणून मूर्ती एकावर एक नकोत. एका पसरट कापडी पिशवीत, प्रत्येक मूर्ती वेगळ्या धुतलेल्या सुती पंचात, एकमेकींच्या शेजारी, मध्ये थोडी जागा ठेवून. ही पिशवी हातातल्या बॅगेत अगदी वर ठेवा, म्हणजे ती एका हालचालीत बाहेर निघेल. मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात किंवा स्टीलच्या डब्यात देव ठेवायची आपल्याकडे सवय असते. तो डबा नको. धातूच्या आत धातू म्हणजे उघडणं आलंच.

आता जो भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो तो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका विमानतळावर एक वयस्कर बाई आल्या होत्या. त्यांच्या बॅगेत काळा ठोकळा दिसला. मी बॅग उघडली, लाल कापडाची गाठ सोडली आणि आतली देवी उचलून शेजारच्या ट्रेमध्ये ठेवली. त्या ट्रेमध्ये आधीच्या माणसाच्या चपला नुकत्याच येऊन गेल्या होत्या. बाई काही बोलल्या नाहीत. फक्त पदर डोळ्याला लावला आणि मूर्ती परत कापडात घेताना त्यांचे हात थरथरत होते. नियमानं मी बरोबर होते. पण त्यांना आधी विचारलं असतं, "आई, तुम्हीच उघडून दाखवता का?", तर तपासणी तेवढीच झाली असती आणि त्या देवीला माझा हात लागला नसता. त्यानंतर शिकवताना प्रत्येक तुकडीला मी हे सांगत आले. पण समोरचा माणूस शिकलेला असेलच असं धरून चालू नका. आपणच आधी बोलायचं.

कधी बोलायचं, हे महत्त्वाचं आहे. बॅग पट्ट्यावर जाण्याआधी. पट्ट्यावरून आत गेली, पडद्यावर काळं दिसलं, बाजूला काढली गेली, की तोवर समोरच्याच्या मनात शंका बसलेली असते आणि मागे रांग ताटकळलेली असते. तेव्हा सांगितलेलं सबबीसारखं वाटतं. आधी सांगितलेलं माहिती म्हणून घेतलं जातं. मुंबईला बरेच जवान मराठी बोलणारे नसतात, तेव्हा आत्यांकडून हे एक वाक्य घरी चार वेळा म्हणवून घ्या: "इसमें पूजा की मूर्तियाँ हैं, मैं खुद खोलकर दिखाऊँगी." एवढं पुरतं. मग देवाची पिशवी बॅगेतून काढून स्वतंत्र ट्रेमध्ये ठेवा. घरून एक धुतलेला जाडसर टॉवेल आणा, आधी तो ट्रेमध्ये अंथरा, त्यावर पिशवी. ट्रे नवा मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. चपला, पट्टा, मोबाइल दुसऱ्या ट्रेमध्ये.

मूर्ती एक्स-रेमधून जाऊ नयेत, अशी विनंती मात्र करू नका. ती मान्य होत नाही, आणि व्हायलाही नको. किरणांनी मूर्तीला, शाळिग्रामाला, अंगाऱ्याला काही होत नाही. तुम्हाला मागता येतं ते एवढंच: उघडताना स्वतःच्या हातानं उघडणं, वेगळा ट्रे, आणि घाई न करणं. बाईमाणसाची अंगझडती बाईच घेते, पडद्याआड घेते. आत्यांच्या गळ्यात डोरलं, तुळशीमाळ, दंडाला ताईत असेल तर तो काढायला न लावता हातातल्या यंत्रानं बघता येतो. ताईत धातूच्या नळीत असेल तर यंत्र वाजेल आणि तो हातानं चाचपावा लागेल. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे दचकणार नाहीत.

व्हीलचेअर घेणार असाल तर एक अडचण आहे. व्हीलचेअरचा मदतनीस आत्यांना एका बाजूनं नेतो आणि सामान दुसऱ्या बाजूनं जातं. देवांची बॅग नजरेआड झाली की आत्या कासावीस होतील. मदतनिसाला पहिल्यांदाच सांगा की आधी बॅग पट्ट्यावर, ती पलीकडे निघेपर्यंत खुर्ची इथेच.

तासगावच्या लोकांना मी आणखी एक सांगते, कारण हे इतर कुणी सांगणार नाही. बॅग बाजूला काढली की तिच्यावरून कापडाची छोटी पट्टी फिरवून ती एका यंत्रात घालतात. ते यंत्र स्फोटकांचे अंश शोधतं. स्फोटकांत असतात तशी नायट्रेटं खतांतही असतात. द्राक्षबागेत खताच्या गोणीशेजारी पडलेली किंवा खत कालवलेल्या हातांनी भरलेली बॅग असेल तर यंत्र वाजू शकतं, आणि मग अर्धा तास चौकशीत जातो. शेतकऱ्याच्या घरात हे सहज होतं. या प्रवासाला शेडमधली बॅग काढू नका. नवी घ्या नाहीतर नीट धुऊन वाळवा. आणि भरण्याआधी हात धुवा, देवांसाठी तर धुतोच.

आता यादी. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, शाळिग्राम, शंख, छोटी घंटा, ताम्हन, पळी हे सगळं हातातल्या बॅगेत चालतं. प्रश्न फक्त वजनाचा. बहुतेक कंपन्या साध्या वर्गात हातातली बॅग 7 किलोपर्यंत नेऊ देतात, आणि पितळ फसवं असतं. एका लिटरच्या तांब्याएवढं भरीव पितळ साडेआठ किलो भरेल. घरच्या काट्यावर एकदा वजन करा. समईचे भाग सुटे करून चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर द्यायच्या, सामानात टाका. तिचा मधला दांडा हातात घेतला तर काठीसारखा वाटतो, आणि मारता येईल अशी बोथट जड वस्तू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. अडकित्ताही चेक-इनमध्येच. तो हातातल्या बॅगेत राहिला तर जप्त होतो, आणि आजेसासूंचा अडकित्ता असा गेलेला मी पाहिला आहे. ती बाई विमान पकडावं की बाहेर जाऊन अडकित्ता कुणाकडे द्यावा, या विचारात दहा मिनिटं उभी होती.

चेक-इनचं वजनही तपासा. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा 23 किलोच्या दोन बॅगा मिळतात, पण कोल्हापूर ते मुंबईचं तिकीट वेगळं काढलं असेल तर तिथे बहुतेक ठिकाणी 15 किलोच. मग कोल्हापूरच्या काउंटरवर सामान उलगडायची वेळ येते, आणि घाईत देव कुठल्या कुठे कोंबले जातात. तिकीट एकत्र काढता आलं तर बघा.

कापूर अजिबात नाही. हातातही नाही, चेक-इनमध्येही नाही. कापूर हा ज्वालाग्राही घन पदार्थ म्हणून धोकादायक मालाच्या वर्ग 4.1 मध्ये येतो. बंद डब्यात त्याची वाफ साठते आणि ठिणगीला ती पेटते. सामानाच्या कप्प्यात आग लागली तर वैमानिकाकडे वेळ फार थोडा असतो. काडेपेटी आणि लायटर भारतातून दोन्हीकडे बंद. फुलवाती कोरड्या न्या. तूप, कापूर, काडेपेटी, नारळ हे सगळं न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर मिळतं. धाकट्या दिरांना आधीच आणून ठेवायला सांगा, म्हणजे आत्या पोचतील त्या संध्याकाळी निरांजन लागेल.

खोबऱ्याचं ऐकून लोकांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. पालीच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर उधळलेलं खोबरं घरात प्रसाद म्हणून वर्षभर राहतं, ते विमानात का नको? कारण सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि हवेशी संयोग होऊन ते आपोआप तापत जातं. दाटीवाटीत रचलेलं खोबरं बाहेरची ठिणगी न लागता पेटू शकतं. म्हणून ते वर्ग 4.2 मध्ये, आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांत येतं, आणि भारतात ते हातातल्या आणि चेक-इनच्या अशा दोन्ही सामानांत बंद आहे. एका वाटीनं आग लागत नाही हे खरं. पण सामानाच्या कप्प्यात दीडशे लोकांच्या बॅगा एकत्र असतात, आणि आम्हाला एका वाटीचा नाही, एकशेपन्नास वाट्यांचा विचार करावा लागतो. ओला नारळही एरवी केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. 2024 च्या ऑक्टोबरात शबरीमलाच्या भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरून न्यायच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये न्यायची सूट दिली गेली, ती 20 जानेवारी 2025 पर्यंतच्या हंगामापुरती, आणि तीही एक्स-रे, स्फोटकांची तपासणी आणि हातानं तपासणी झाल्यावर. म्हणजे श्रद्धेसाठी वाट काढता येते, पण ती तपासणीतूनच जाते. आत्यांनी पालीचा प्रसाद म्हणून भंडारा न्यावा आणि खोबरं घरी ठेवावं.

भंडारा कुठे ठेवायचा? चेक-इनमध्ये. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत 2018 च्या जूनअखेरीपासून हातातल्या सामानातल्या 350 मिलीलिटरपेक्षा जास्त भुकटीची जादा तपासणी होते, आणि ती काय आहे याचा उलगडा झाला नाही तर टाकून द्यावी लागते. हळद, कुंकू, बुक्का, अंगारा, विभूती सगळं यात आलं. भंडारा पायाखाली जाणं किंवा कचऱ्याच्या डब्यात जाणं आत्यांना सोसणार नाही. चिमूटभर भंडारा छोट्या पारदर्शक डबीत हाताशी ठेवा, बाकीचा पक्क्या झाकणाच्या डब्यात घालून, वरून पिशवी बांधून मोठ्या बॅगेत.

गंगेचा गडू. काशीहून डाग देऊन बंद करून आणलेला तांब्याचा गडू आपल्याकडे कितीतरी घरांत आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानातला कुठलाही द्रव 100 मिलीलिटरपर्यंतच्या बाटलीत आणि अशा सगळ्या बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत लागतात. 2006 च्या ऑगस्टमध्ये लंडनहून सुटणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट उघड झाला, तेव्हापासून हा नियम आला. बाटली अर्धी रिकामी असली तरी तिच्यावर छापलेलं माप बघितलं जातं. डाग दिलेला गडू तर उघडताही येत नाही, म्हणजे हातात नेला तर तिथेच राहणार. गडू देवघरात राहू द्या. दुसरं गंगाजल 50 किंवा 100 मिलीलिटरच्या पारदर्शक बाटलीत घ्या.

मिरजेतून हजला आणि उमऱ्याला जाणारी कुटुंबंही हेच विचारतात, म्हणून एका ओळीत सांगते. झमझमचं पाणी येताना कंपनीच्या नियमाप्रमाणे सीलबंद 5 लिटरच्या बाटलीत, तिच्या स्वतःच्या खोक्यासह, वेगळं दिलं जातं. ते कपड्यांच्या बॅगेत घालायचं नसतं.

आत्यांच्या यादीत नाही, पण अनेकांच्या देवघरात असतं ते पाऱ्याचं शिवलिंग. ते विमानात कधीही नेऊ नका. पारा हा वर्ग 8 चा, धातू खाणारा पदार्थ आहे. विमानाचा बराचसा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. पारा ॲल्युमिनियमला लागला की त्याच्यावरचा संरक्षक थर टिकत नाही आणि धातू आतून पोखरला जातो. सांडलेला पारा सापडेपर्यंत विमान जमिनीवर ठेवावं लागतं. शिवलिंग घट्ट आहे, सांडणार नाही, असं लोक सांगतात. त्यात पारा कितपत बांधला गेलाय हे पडद्यावर दिसत नाही, आणि म्हणून ते पुढे जाऊ देता येत नाही.

मंत्र म्हणणारं छोटं यंत्र किंवा विजेचा दिवा नेणार असाल तर त्याच्या बॅटऱ्या काढून ठेवा. चेक-इनच्या बॅगेत आपोआप सुरू झालेलं यंत्र गुणगुणायला लागलं की ती बॅग बाजूला पडते. पॉवर बँक मात्र नेहमी हातातल्या सामानातच.

आता जे विमानतळावर नाही, पण त्याहून गंभीर आहे. तुमचे टाक किती जुने आहेत? ताईंनी लिहिलंय "पिढीजात". 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, धातूची वस्तू भारताबाहेर नेता येत नाही. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित असेल तर 75 वर्षं. घरची आहे, विकायची नाही, परत आणणार आहे, यानं फरक पडत नाही. सीमाशुल्काच्या अधिकाऱ्याला मूर्ती जुनी वाटली तर तो ती थांबवू शकतो, आणि तिथे उभ्या उभ्या ती जुनी नाही हे सिद्ध करता येत नाही. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नाही असा दाखला आधी काढावा लागतो. फोटो, मापं, अर्ज, आणि बहुधा वस्तू प्रत्यक्ष दाखवणं, याला वेळ जातो. शंभर वर्षांपुढचे असतील तर दाखला मिळणारच नाही, आणि मग ते टाक तासगावलाच राहायला हवेत. माझा सल्ला असा: पिढीजात टाक मोठ्या दिरांकडे राहू द्या आणि सांगलीच्या सराफाकडून त्याच देवांचे नवे टाक करून घ्या, पावतीसह. घराच्या रीतीप्रमाणे पूजा करून ते न्या. टाक झिजले की नवे करायची रीत आपल्याकडे आहेच, त्यामुळे आत्यांना हे परकं वाटणार नाही. पावती हातात ठेवा. देवाचे दागिने जास्त किमतीचे असतील तर जातानाच सीमाशुल्काकडून नोंद करून घ्या, म्हणजे परत येताना शुल्काचा प्रश्न येत नाही.

मोरपीस घरी ठेवा. देशात गळलेली पिसं बाळगायला हरकत नाही, पण मोरपिसांची निर्यात बंद आहे. सांगलीकडच्या जैन कुटुंबांतही मोरपिसांची वस्तू असते, त्यांनाही हेच लागू. वाघनख, कृष्णाजिन (काळविटाचं कातडं), हत्ताजोडी (मुळी म्हणून विकला जाणारा घोरपडीचा अवयव) यांतलं काही घरात असेल तर ते वन्यजीव कायद्याचं प्रकरण आहे. विमानाचा विचार त्यानंतर.

उतरल्यावरचंही थोडं. अक्षता घेऊन जाऊ नका. धान्यातल्या खाप्रा भुंग्यामुळे भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ नेणं अमेरिकेत बंद आहे, आणि अक्षता म्हणजे तांदूळच. तिथल्या तांदळाला कुंकू लावलं की अक्षता झाल्या. तुळशीचं रोप आणि वृंदावनातली माती दोन्ही नको. गोवऱ्या तर नकोतच. 2021 मध्ये वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर भारतातून गेलेल्या एका बॅगेत गोवऱ्या सापडल्या आणि लाळ्या खुरकुताच्या भीतीनं त्या नष्ट केल्या गेल्या. साताऱ्याचे कंदी पेढे ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाला नेऊ नका. तिथे दुधाच्या पदार्थांवर बंदी आहे. अमेरिकेला नेलेत तर सीमाशुल्काच्या अर्जावर खाण्याचे पदार्थ आहेत असं खरं लिहा. लिहून काढून घेतलं तर फक्त पेढे जातात, न लिहिता सापडलं तर दंड होतो.

दिरांचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो रागानं नाही, वाईट वाटून विचारलेला आहे. कृपाण हे शिखांसाठी अंगावरचं धर्मचिन्ह आहे आणि घटनेच्या कलम 25 च्या स्पष्टीकरणात ते धारण करणं शीख धर्माच्या आचरणाचा भाग म्हणून लिहिलेलं आहे. तरीही विमानात ते कसंही नेता येत नाही. मार्च 2022 च्या आदेशाप्रमाणे एकूण लांबी 9 इंच आणि पातं 6 इंचांपेक्षा जास्त नको, आणि तेही फक्त देशातल्या देशात उडणाऱ्या विमानांत. न्यू जर्सीच्या विमानात शीख प्रवाशालाही कृपाण चेक-इनमध्येच द्यावं लागतं. म्हणजे तुमच्या प्रवासात दोघांना एकच नियम आहे. खंडोबाची तलवार ही देवाजवळ ठेवायची वस्तू, अंगावर धारण करायची नाही. ती टोकाला बूच लावून, जाड कापडात गुंडाळून मोठ्या बॅगेत जाऊ शकते. देवीचा त्रिशूळही तसाच. आपल्याला कमी लेखलं जातंय असं यात काही नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे.

विमानात बसल्यावर आत्या देवांची पिशवी मांडीवर घेऊ म्हणतील. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी चालणार नाही. विमान धावपट्टीवर अचानक थांबलं तर दोन किलोची मूर्ती मांडीवर राहत नाही, ती पुढच्या रांगेतल्या माणसाच्या डोक्याला लागते. पुढच्या सीटखाली म्हणजे पायाशी, तेही त्यांना नको असेल. तेव्हा डोक्यावरच्या कप्प्यात ठेवा. ते उंच आहे आणि तिथे कुणाचा पाय लागत नाही. कोल्हापूरच्या छोट्या विमानाचे कप्पे लहान असतात, म्हणून देवांची बॅग मऊ आणि छोटी असावी, आणि विमानात लवकर चढा, नाहीतर कप्पे भरतात आणि बॅग दारातून खाली पाठवली जाते. हवेत असताना पिशवी काढून हातात धरली, जप केला, तर कुणाची हरकत नसते. उदबत्ती, निरांजन अर्थातच नाही.

आणखी एक गोष्ट आत्यांशी घरीच, निवांत बसून बोला. ती विमानात बोलता येत नाही. संकटात विमान रिकामं करायची वेळ आली तर काहीही न घेता उतरायचं असतं. विमानाची रचनाच अशी तपासलेली असते की निम्मी दारं बंद असतानाही सगळे 90 सेकंदांत बाहेर पडावेत. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाला उतरताना दुसऱ्या विमानाशी टक्कर होऊन आग लागली. आतले सगळे 379 लोक बाहेर आले, आणि ते सामान मागे सोडून आले. एक माणूस वरचा कप्पा उघडायला थांबला की त्याच्यामागची अख्खी रांग धुरात थांबते.

आत्या म्हणतील, देव मागे कसे ठेवू? म्हणून नवे टाक करून घ्या म्हणाले, त्याला हेही एक कारण होतं. टाक पातळ असतात, चार-पाच टाक मिळून मुठीएवढेही होत नाहीत. ते एका खणाच्या बटव्यात घाला. तपासणीच्या वेळी बटवा ट्रेमधल्या टॉवेलवर ठेवा, आणि पलीकडे गेल्यावर तो परत कमरेला, लुगड्याच्या आत खोचून घ्या. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा वरच्या कप्प्यात राहतील. टाक आत्यांच्या अंगावर असतील, सीटचा पट्टा बांधल्यावरही आणि सोडल्यावरही.